तुळयांची जेवणाची सुट्टी

गडगडाट सुरू झाला तेव्हा टाचणी पेन्सिल परजूनच बसली होती. कुणीतरी जड पलंग ओढत न्यावा तसा आवाज वाचनालयाच्या छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि थांबला. वर्तमानपत्र वाचणारे दोन आजोबा चपला हातात घेऊन बाहेर पळाले. टाचणीने घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं : गुरुवार, एक वाजता, मोठा.

टाचणी दहा वर्षांची, काडीसारखी बारीक आणि टोचून बोलणारी, म्हणून टाचणी. तिची आई इथली ग्रंथपाल. सुट्टीसाठी या मावशीकडे राहायला आलेली ताई तेरा वर्षांची. तिच्या धाकट्या भावाला सगळे वकील म्हणत, कारण तो झोपेतसुद्धा हुज्जत घालायचा.

सुट्टीत तिघांना पोहायला शिकायचं होतं. त्याऐवजी ते पेट्यांमध्ये पुस्तकं भरत होते. इमारत जुनी होती. फार पूर्वी इथे नाटकं होत, एवढं गावाला माहीत होतं. पण तीन आठवड्यांपूर्वी तिचं छत गडगडायला लागलं. इंजिनिअरसाहेब इस्त्रीचे पांढरेशुभ्र कपडे घालून आले, दालनाच्या मधोमध उभे राहिले, एक गडगडाट ऐकला आणि अहवालात लिहून मोकळे झाले की तुळया सरकत आहेत, इमारत पाडावी. शनिवारी वाचनालय समितीचे अध्यक्ष त्यावर सही करणार होते. मग पुस्तकं गोदामात जाणार, आणि नवीन इमारत कधी उभी राहणार हे कुणीच सांगत नव्हतं. पेटीत ठेवण्याआधी मावशी प्रत्येक पुस्तकावरची धूळ पुसायची. गोदामात जाणाऱ्या पुस्तकांची धूळ कोण पुसतं? ते बघून ताईला रडू यायचं.

ताईने वही मागून घेतली आणि वाचू लागली. “सोमवारी दहा वाजून पाच मिनिटं, मग एक, मग एक पंचवीस, मग साडेपाच. बुधवारीही तेच. एक पंचवीसचा आवाज दोन्ही दिवशी हलका. मंगळवारी काहीच नाही.”

“हे बरं आहे,” वकील म्हणाला. “तुळयांना जेवणाची सुट्टी असते का?”

त्याला नुसते फाटे फोडायचे होते, पण बाण बरोबर जागी लागला. वाचनालयात एक वाजता जेवायला उठणारं माणूस एकच होतं. दहा वाजून पाच मिनिटांनी कामावर येणारं आणि साडेपाचला घरी जाणारंही तेच. आणि मंगळवारी शिपाईकाकांची दाढ ठणकत होती, गाल टम्म फुगला होता, म्हणून त्यांनी डबाच आणला नव्हता!

सव्वा वाजता तिघं मागच्या खोलीत कपाटाआड दडून बसले. बरोबर एक पंचवीसला काका धुतलेला चारपुडी डबा पिशवीत घालून आले. भिंतीलगत वरून एक जाड दोर लोंबत होता. त्याच्या टोकाच्या कडीला त्यांनी पिशवी अडकवली. छत गडगडलं, पण हलकेच, कारण डबा आता रिकामा होता. काका डोळे घट्ट मिटून उभे राहिले.

मुलं पुढे आल्यावर ते आधी दचकले, मग खुर्चीत बसून सगळं सांगून मोकळे झाले. आपण खोलीत पाऊल टाकलं की इमारत हंबरते, तिचा आपल्यावरच राग आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. मंगळवारी दाढ ठणकत होती म्हणून तिला दया आली, असं त्यांना वाटलं. हसतील म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. पूर्वी तो दोर भिंतीतल्या खुंटीला करकचून बांधलेला असे. महिन्यापूर्वी रंगारी आले, त्यांनी दोर सोडला, खुंटी उपटली आणि काकांचा पिशवीचा खिळाही काढून टाकला. मग काकांना ही कडी सोयीची वाटली.

दोर छतातल्या भोकातून वर जात होता. कपाटामागे माळ्यावर जाणारी शिडी होती. काका नको नको म्हणत राहिले, तरी ताई एकेक पायरी आधी हाताने दाबून बघत चढली. पाठोपाठ वकील आणि टाचणी. काकांनी शिडी धरली आणि पुन्हा डोळे मिटले.

माळ्यावर कौलांच्या फटींतून ऊन येत होतं. तुळया जाडजूड आणि जागच्या जागी होत्या. त्यांच्यावर दालनाइतकी लांब लाकडी पन्हळ मध्यावर तोलून ठेवली होती. पन्हळीत हातहातभर अंतरावर पट्ट्या ठोकलेल्या होत्या आणि एका टोकाला मोसंबीएवढे तीन लोखंडी गोळे विसावले होते. दोर याच टोकाला बांधलेला होता. दोर ओढला की हे टोक खाली जायचं आणि गोळे पट्ट्यांवर आपटत इकडे यायचे. सोडला की परत.

“पण हे केलं कशाला कुणी?” वकिलाने विचारलं.

उत्तर शेजारच्या भिंतीवर होतं. कोळशाने लिहिलेल्या ओळी होत्या, एकाच हातच्या. ताई वाचत गेली.

‘तिसरा अंक, वादळ. तिन्ही गोळे जोरात. खाली बायका किंचाळल्या.’

‘राजा मरतो तेव्हा अगदी हळू.’

‘आज वीज आधी, गडगडाट फार उशिरा. लोक हसले. चूक माझी.’

आणि सगळ्यात खाली : ‘सतरा वर्षं झाली. एकही नाटक पाहिलं नाही. सगळी पाठ आहेत.’

त्या काळी बटण दाबलं की वादळ येत नसे. खाली शेकडो लोकांनी एकदम दचकावं म्हणून एक माणूस या उकाड्यात, कोळिष्टकांत वाकून बसायचा आणि नुसत्या आवाजावरून ओळखायचा की आपलं काम जमलं का. त्याला कुणी पाहिलंसुद्धा नसेल. ताईला तो माणूस फार आवडला.

मावशीने सगळं ऐकून लगेच इंजिनिअरसाहेबांना फोन केला. पोरांच्या खेळावरून अहवाल बदलत नसतात, असं म्हणून त्यांनी तो ठेवून दिला. मावशी पुन्हा पेट्या भरायला लागली. मुलांनी मात्र कोपऱ्यात जाऊन खलबत सुरू केलं.

शनिवारी अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं तेवढ्यात ताई टेबलाशी गेली.

“साहेब, तुळया कधी सरकतात?”

“ते कसं सांगता येईल, बाळ?” इंजिनिअरसाहेब म्हणाले.

“आम्हाला येतं. आत्ता सरकतील.”

दारात उभ्या टाचणीने डोकं खाजवलं. मागच्या खोलीत वकिलाने दोर ओढला. छत असं गडगडलं की अध्यक्ष खुर्चीतून ताडकन उठले.

“आता उलट्या जातील,” ताई म्हणाली. तशाच गेल्या. “आता अगदी हळू, कारण राजा मेलाय.”

वकिलाने ठरल्याप्रमाणे दोर अगदी सावकाश ओढला. आवाज संथपणे दालनावरून गेला.

इंजिनिअरसाहेबांचा चेहरा उतरला. ते मागच्या खोलीत गेले आणि पांढऱ्या कपड्यांनिशी शिडी चढले. बराच वेळ खाली आले नाहीत. आले तेव्हा खांद्यांवर कोळिष्टकं होती आणि गुडघे काळे झाले होते. त्यांनी अहवाल उचलून फाडला.

“तुळया माझ्यानंतरही टिकतील,” ते म्हणाले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, “मी वर चढलो नव्हतो. ही मुलं चढली.”

अध्यक्षांनी तिघांची पाठ थोपटली. जे आम्हा शहाण्यांना तीन आठवड्यांत जमलं नाही ते तुम्ही एका वहीत करून दाखवलंत, असं म्हणाले. पन्हळ आणि भिंत जशीच्या तशी जपायची, असा ठराव तिथल्या तिथे झाला. मावशी एका पेटीवर बसून रडली, आणि कुणी बघतंय याची तिने पर्वा केली नाही. मग डोळे पुसून ती उठली आणि पेट्या उघडायला लागली.

भरायला सहा दिवस लागलेल्या पेट्या दोन तासांत रिकाम्या झाल्या, कारण पळून गेलेले आजोबाही हातभार लावायला आले. जाडजूड शब्दकोशांची पेटी तेवढी इंजिनिअरसाहेबांनी एकट्याने रिकामी केली. काका त्यांच्या मदतीला निघाले होते, पण “न चढता अहवाल लिहिला, आता एवढे कष्ट होऊ देत,” म्हणत मावशीने काकांना जाऊ दिलं नाही.