तक्त्याखालचे गृहस्थ

"ताई, त्यांना जरा बाजूला व्हायला सांगता का? शेवटची ओळ झाकली जातेय."

शिंपीकाका हे इतक्या सहज म्हणाले, की "अहो, सरका हो जरा" म्हणायला तिनं तोंडसुद्धा उघडलं. आणि तसंच मिटलं. खोलीत ती आणि शिंपीकाका, दोघंच होते.

खोली कसली, बोळच तो. नजर तपासायची तर तक्ता लांब हवा, आणि मामाच्या दवाखान्यात लांबीचीच चणचण. म्हणून तक्ता टांगलेला पेशंटच्या पाठीमागच्या भिंतीवर आणि समोर मोठा आरसा. पेशंटनं आरशात बघून वाचायचं. त्यासाठी तक्त्यावरची अक्षरं मुद्दाम उलटी छापलेली. खुर्ची आणि तक्ता यांच्यामध्ये एखादा माणूस जेमतेम उभा राहील एवढीच फट. ती स्वतः आरशाला लागून, पेशंटकडे तोंड करून उभी असायची. त्यामुळे दिवसभर तिच्यासमोर ती खुर्ची, ती भिंत आणि ती उलटी अक्षरं. आरसा तिच्या बाजूला असून तिला दिसत नसे.

मामा डोळ्यांचा सर्जन. उभी हयात त्यानं लोकांचे मोतीबिंदू काढण्यात घालवली. पूर्वी डोळ्याला टाके घालून पेशंटला दिवसेंदिवस हलू न देता निजवायचे आणि नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचे. आता तिळाएवढ्या छेदातून घडी घातलेलं भिंग आत सरकवलं की संध्याकाळी माणूस आपल्या पायांनी घरी. या दोन टोकांमधलं सगळं मामाच्या हातांखालून गेलेलं होतं, आणि ते हात अजून दगडासारखे स्थिर होते. फक्त आरशाच्या खोलीत तो पाऊल टाकत नसे. "तिथं माझी मान दुखते," एवढंच म्हणायचा. म्हणून तर भाची नजर तपासायचं शिकून आली, त्याच दिवशी ती खोली तिच्या गळ्यात पडली. आणि भाची कशी, तर स्वतःच्या फोनच्या आवाजाला दचकणारी. "आमची भित्री भागूबाई," मामा पेशंटांना कौतुकानं सांगायचा, "शिंक येणार असेल तर आधी हिला कळवा."

त्या दिवशी शिंपीकाकांच्या बोलण्यावर तिनं कागदावर 'शेवटची ओळ अस्पष्ट' एवढंच लिहिलं.

पुढच्या खेपेला शिंपीकाका खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "अजून इथंच का ते? मागच्या खेपेला जरा वाकून उभे होते. आता सरळ व्हायला लागलेत. दोन ओळी गेल्या बघा."

तिनं मामाला सांगितलं. मामानं यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावून स्वतःच ऑपरेशन केलेला तो डोळा पाहिला. भिंग जागेवर. दाब बरोबर. पडदा लख्ख. "भिंगामागं जाळी धरली असेल," तो म्हणाला, आणि पुन्हा वाकून बघत स्वतःच पुटपुटला, "पण जाळी नाहीये." मोठ्या दवाखान्यातल्या यंत्रांनीही हेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला शिंपीकाकांना फक्त सगळ्यात वरचं, पंज्याएवढं अक्षर दिसत होतं आणि घरी सुईत दोरा सून ओवून देत होती. "डोळा उत्तम आहे म्हणतात सगळे," ते हसून म्हणाले, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "मग काय करू ताई, त्याला शाबासकी देऊ?"

मग एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या. मामानंच ऑपरेशन केलेल्या. त्यांनी आरशाकडे बोट रोखलं आणि वर्गात दटावतात तसं दटावलं, "ए, मध्ये कोण उभं आहे? खाली बसा!"

रात्र रात्र तिनं पुस्तकं उलथीपालथी केली. काचबिंदू कडेकडेनं नजर खातो. पडदा झिजला तर नेमका मधला भाग जातो. साखरेच्या आजारात डाग तरंगतात. पडदा सुटला तर सावली चढत येते, हेही खरं. पण त्या सावलीला कोणी 'त्यांना' म्हणत नाही.

आणि अशातच आईचं ऑपरेशन ठरलं.

आईचा उजवा डोळा काचबिंदूनं केव्हाच नेला होता. दुखलं नाही, खुपलं नाही, कळलं तेव्हा अंधार झालेला. उरला डावा, आणि त्यात मोतीबिंदू पिकलेला. एकुलत्या एका डोळ्याला हात लावायचा म्हणून मामा दिवस ढकलत होता. शेवटी आईच म्हणाली, "लाव रे बिनधास्त. लहानपणी माझी वेणी ओढताना कधी विचारायचास का?"

"मामा, दुसऱ्या कोणाकडे..." तिनं दबकत सुरुवात केली होती. मामानं नुसतं तिच्याकडे पाहिलं, आणि तिचं वाक्य तिथंच विरलं. तिनं मनाशी एक गाठ बांधली : काहीही होवो, आईला त्या खोलीत न्यायचं नाही. नजर बाहेरच्या बाकावर, भिंतीला साधा तक्ता चिकटवून तपासायची.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मामानं पट्टी सोडली, "वा, झकास!" म्हणाला आणि पुढच्या ऑपरेशनला आत गेला. दारावरचा लाल दिवा लागला. काउंटरवरच्या मावशी डबा खायला गेल्या. ती थेंबांची बाटली घेऊन परत येते तो बाक रिकामा.

"अगं, ये ना!" आरशाच्या खोलीतून आईचा आवाज आला. "मावशींनी जाता जाता बसवलं मला इथं. ऐक, वाचून दाखवते."

आई खुर्चीत बसली होती. अंगणात उन्हं आल्यासारखा तिचा चेहरा उजळला होता. ती ओळीमागून ओळ घडाघडा वाचत सुटली, अगदी बारीक अक्षरांपर्यंत. आणि थांबली.

"शेवटची तेवढी यांच्यामुळे दिसत नाही."

बाटली हातातून निसटून फरशीवर घरंगळली.

"कोणामुळे... आई?"

"हे काय, माझ्यामागं उभे आहेत. तुझे पेशंट ना?"

तिच्यासमोर खुर्ची होती, भिंत होती, उलटी अक्षरं होती. तिनं मान वळवून आरशात पाहिलं. आरशात आई होती आणि सुलटा झालेला तक्ता. बाकी कोणी नाही. खोलीत स्पिरिटचा वास होता, आणि त्याखाली ओल्या कापसासारखा दुसराच काहीतरी.

"कसे... दिसतात?"

"मान खाली आहे, चेहरा नाही दिसत. एक हात वर उचललाय, डोळ्यावर धरायला. पण धरत नाहीत गं. कुठला झाकायचा ते कळत नसावं. कोणी सांगितलंच नाही वाटतं बिचाऱ्यांना."

"मामा!" तिनं हाक मारली. आवाज कसाबसा दारापर्यंत गेला. लाल दिवा तसाच जळत होता. "मावशी!" कोणी नाही.

"आरडतेस काय?" आई उठली आणि तिच्याजवळ येऊन उभी राहिली. "एवढं ताटकळत ठेवलंस त्यांना. माझं राहू दे, आधी त्यांना बोलाव. बसले म्हणजे मध्ये येणार नाहीत."

ते ऐकून, भीतीच्या अगदी तळाशी, तिला एकदम शांत वाटलं. इतकं सोपं होतं तर. रोज 'पुढचे या' ही हाक ती दाराकडे तोंड करून मारत आली होती. जो आधीच आत उभा आहे, त्याला कोणी कधी बोलावलंच नव्हतं.

"या..." ती भिंतीकडे बघत म्हणाली.

काही नाही. बेसिनचा नळ टपकत होता.

"या ना... तुमचाच नंबर आहे. बसा."

आईनं तिचा हात हातात घेतला. आई आरशात बघत होती.

खुर्चीचं रेक्झिन हळूहळू खाली दबलं. गादीतली हवा सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर पडली.

"बसले," आई कुजबुजली. "दिसली गं, शेवटची ओळ दिसली!"

तिनं श्वास सोडला. खुर्चीत कोणी टेकलं की तिच्या ओठांवर आपोआप दोनच शब्द यायचे. प्रत्येक पेशंट तोच प्रश्न विचारायचा आणि ती न बघताच उत्तर द्यायची : आधी डावा. आई तर चिडवायची, झोपेतसुद्धा बडबडतेस, आधी डावा, आधी डावा. आत्ताही ते शब्द सवयीनं जिभेवर आले. त्याच क्षणी आईची मूठ तिच्या मनगटावर आवळली. आईचा पाणावलेला, एकुलता डावा डोळा तिच्याकडे वळला होता.

रिकाम्या खुर्चीतून, फार दिवस न बोललेल्या माणसाचा असतो तसा खरखरीत, पण अदबशीर आवाज आला,

"कुठला झाकू?"