मोहरीएवढं कुलूप

ताईच्या घरात तीन पिढ्या कुलपं घडवत आल्या, आणि बाबांच्या मते चौथी सगळ्यांवर कडी करणारी निघाली. फक्त तिची कुलपं डोळ्यांना दिसत नव्हती, एवढंच.

ती बनवायची काडेपेटीएवढे बिनतारी सेन्सर. स्वस्तातला माल, बॅटरी इवलीशी, अक्कल त्याहून इवलीशी. असल्या गरिबाला जडशीळ कुलूप पेलणार कसं? म्हणून ताईने मोहरीएवढं घडवलं. प्रत्येक निरोपावर त्या सेन्सरची गुप्त मोहोर आणि चढता क्रमांक. मोहोर खोटी, तर निरोप बाहेर. क्रमांक मागचा, तरी बाहेर. जुना निरोप चोरून कुणी पुन्हा खपवायला नको.

वर्कशॉपातल्या एका पठ्ठ्याचं कामच कुलपं फोडायचं, म्हणून सगळे त्याला चोर म्हणत. महिनाभर डोकं आपटून त्याने हात टेकले. "ताई, तुला साष्टांग नमस्कार!" त्या दिवशी ताईचे पाय जमिनीवर नव्हते. का असावेत?

पहिला सेन्सर तिने बाबांच्या खाटेखाली बांधला होता. बाबा एकदा उठताना पडले, तेव्हापासून कामावर असली तरी तिचा जीव घरी टांगलेला. बाबांशिवाय तिला होतं कोण? दर मिनिटाला निरोप यायचा: खाट भरलेली. बाबांचा देहच असा, की ते नुसते हलले तरी खाट कुरकुरायची.

त्या दुपारी जेवणानंतर वेगळाच निरोप आला. मोहोर अस्सल. मजकूर: खाट रिकामी. क्रमांक मात्र पुढचा, ज्याची पाळी चार वाजता यायची होती तो. मग खरे निरोप मागच्या क्रमांकाचे ठरून परत जाऊ लागले.

"हा तुझाच चावटपणा ना?" ताईने चोराला विचारलं.

"आईशप्पथ नाही. ही मोहोर मला जमली असती, तर गावभर मिरवलो नसतो का?" त्याचा चेहरा उतरला होता.

ताई घरी धावली. बाबा खाटेवर बसून जुनी किल्ली कानशीने घासत होते. ठणठणीत! ते वळले तशी खाट कुरकुरली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"लवकर आलीस? कामचुकार कुठली!"

तिने वाकून सेन्सर तपासला. आतला क्रमांक आत्ताचाच. पुढची मोहोर त्याने अजून उमटवलीच नव्हती. तिने बॅटरी काढून मुठीत आवळली. आता बघू कोण बोलतं ते.

चार वाजले. काही झालं नाही.

वर एक मिनिट गेलं, आणि फोन थरथरला. नवा निरोप. मोहोर अस्सल, क्रमांक त्याच्या पुढचा.

"काय म्हणतंय गं?"

"खाट रिकामी."

बाबा खो खो हसले. "मग फसलं म्हण तुझं कुलूप!"

"माझं कुलूप फसत नाही, बाबा." तोंडातून निघूनच गेलं.

"शाब्बास! ही माझी पोर!" अभिमानाने फुलून ते तिच्याकडे सरकले.

खाट कुरकुरली नाही.

ताईने खाली पाहिलं. बाबा बसले होते तिथे, सकाळी तिने ताणून घातलेल्या चादरीला एकही सुरकुती नव्हती.