संत्र्याच्या सालीवरचं माप

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं इथूनच मागं फिरावं. मला या वयात कोणाची समजूत घालत बसायचं नाही.

या पेजवरच्या गोष्टी मी रोज वाचते. पोरीनं फोनमध्ये लावून दिलं. तुमच्या गोष्टींत अमावस्या असते, रात्रीचे बारा वाजलेले असतात, पैंजण वाजतात. माझ्या गोष्टीत तसलं काहीच नाही बाप्पा. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, चार बायांच्या देखत, चहा पिता पिता.

गाव सौंसर. याच वर्षीचा, पोळ्याच्या आधीचा रविवार.

मी मनकर्णा. अंगणवाडीत होती, आता रिटायर झाली. घर गावाच्या टोकाला, मागं आमची संत्र्याची बाग. एकच पोरगी, उर्वशी, ती पुण्याला राहते.

आणि आमचे हे, भगवंतराव... हे मागच्या वर्षी दसऱ्यानंतर गेले.

बागेत संत्र्यांची तोड चालू होती. झाडाखाली टेकले ते टेकलेच. हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं.

ह्यांच्या हाताला कधी चैन नसायची. संत्र्याची साल नुसती फेकली असं कधी झालं नाही. चाकूनं कापून तिचा चष्मा करायचे, मासोळी करायचे. उर्वशी लहान होती तेव्हा सालीच्या चष्म्याशिवाय जेवायची नाही.

माझ्या बोटातली अंगठी हेही त्यांचंच खूळ. लग्न झाल्यावर पांढुर्ण्याच्या सोनाराकडून करून आणली. खड्याची जागा कशी, तर संत्र्याच्या फोडीसारखी. एका बाजूनं सरळ, दुसऱ्या बाजूनं वाकडी. त्यात नारंगी काच होती. ती एका तोडीत बागेत कुठं पडली, ती पडलीच. ह्यांनी चाळणी घेऊन माती चाळली. सापडली नाही.

सोनार म्हणाला, "असा खडा तयार भेटतच नाही भाऊ. गोल बसवून घ्या."

हे ऐकतील तर शप्पथ.

मी चिडवायची. "रिकामी अंगठी घालून फिरून राहिली मी. बाया हासतात मले."

"हासू दे. तुह्या अंगठीत खडा बसवल्याबिगर मी काई तुले सोडून जात नाई, पाह्यजो."

आणि गेले.

खोटारडा माणूस! त्यांना उचलून नेलं तेव्हा माझ्या मनात हाच एक शब्द होता. रडू मागून आलं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. उर्वशी रडत रडत नागपूरच्या बसमध्ये बसली. त्या दिवशी दिवेलागणीला घरात मी पहिल्यांदा एकटी होती. चहा ठेवला. सवयीनं दोन कप काढले. एक परत ठेवायला उचलला...

दारात कोणीतरी खाकरलं.

हे घरात शिरायच्या आधी एकदा खाकरायचे. बायामाणसं बसली असतील तर सावरून बसतील म्हणून. तेच खाकरणं. एकदाच.

दार उघडलं.

कोणी नव्हतं. ओटा रिकामा. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.

सगळे दिवे लावून बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मग एक दिवस माझ्या तोंडून आपोआप निघालं, "या. चहा झालाच."

तेव्हापासून भीती गेली.

कोणाला सांगितलं नाही. फक्त उर्वशीला एकदा बोलून गेली, तर तिनं फोनवरच रडारड केली. "आई, तू पुण्याला चल." मग तिनंच शेजारणीला फोन करून सांगितलं, तर ती म्हणे, "जामसांवलीले जाऊन मारुतीच्या पाया पडा, घरात काई असलं तर निंघून जाते." अगं बाई, पण काढायचं होतं कोणाला? दिवसभर माझ्याशी बोलायला माणूस नाही. अंगणवाडी सुटली, बाग ठेक्यानं दिली, हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही. संध्याकाळचं ते एक खाकरणं, तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. ज्याचं जळते त्यालेच कळते.

तर तो रविवार.

तृप्ती माझ्या अंगणवाडीतली पोरगी. आता तिचंच पोरगं शाळेत जातं. ती घरी आली आणि हातच धरला.

"काकू, आज दुपारी माह्या घरी याच लागते. माहा मावसभाऊ नागपूरहून येऊन राहिला. रंगीत खडे कापते तो. आपल्या आपल्या पाच-सहा बायाच आहे. पाहाले काय जाते?"

"मी काय करू वो खडे पाहून? ह्या वयात?"

"चहा तर प्यान न?"

गेली. खोटं कशाला बोलू, कोणी बोलावलं याचंच बरं वाटलं.

तृप्तीच्या बैठकीत टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं. वरून ट्यूबलाइट. मावसभावाचं नाव रोशन. शांत पोरगा, बोटं लांब. त्यानं एकेक पुडी उघडून खडे मांडले. हिरवे, निळे, जांभळे, पाण्यासारखे. काही गोल, काही पानाच्या आकाराचे. कोणाचं जुनं मंगळसूत्र, कोणाची नथ, जसं माप असेल तसा खडा तो कापून देतो, असं त्यानं सांगितलं. बाया अशा वाकल्या होत्या की टेबल दिसेना. "माय वो! हा पाह्य न!" एकीनं तर खडा कपाळावर टिकलीसारखा लावून पाहिला. सगळ्या हसल्या. मीही हसली. किती दिवसांनी हसली, देव जाणे.

मी चहाचा कप घ्यायला हात पुढं केला.

आणि रोशन बोलता बोलता थांबला...

तो माझ्या अंगठीकडं पाहत होता.

"काकू, हात दाखवा न जरा."

मी दाखवला. त्यानं अंगठीवरून बोट फिरवलं. सरळ बाजू. वाकडी बाजू. त्याचा चेहरा उतरला.

तेवढ्यात चिवडा वाटणारी तृप्ती म्हणाली, "कोणी संत्रं सोललं का वो?"

बाकीच्यांनीही नाकं वर केली. वास सगळ्यांनाच येत होता. ताज्या सालीचा, डोळ्यांत पाणी आणणारा वास.

पोळ्याच्या दिवसांत आमच्याकडं झाडावर हिरवी फळं असतात. पिकलेलं संत्रं औषधाला मिळत नाही.

रोशननं बॅगेच्या खालच्या कप्प्यातून एक वेगळी पुडी काढली. उघडली.

आत एक खडा होता. नारंगी. संत्र्याच्या फोडीसारखा. एका बाजूनं सरळ, दुसऱ्या बाजूनं वाकडा.

त्याच्या बाजूला... त्याच आकाराचा कापलेला सालीचा तुकडा.

"हे माप," रोशन म्हणाला. "एका मानसानं आणून देल्लं होतं. होळी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, कागदावर काढून द्या. तर म्हणे, हेच माप आहे, ह्यात फरक पडत नाई. दगडही त्यायनंच आणला. मजुरी देऊन गेले, पण खडा न्याले काई आले नाई. सौंसरचा आहो, एवढंच बोल्ले होते. म्हणून आज संग आणला."

मी टेबलावर वाकली.

"कसा होता माणूस?"

"वयस्कर. पांढरा सदरा. दुकानाच्या उंबरठ्यावरच उभे राहिले, आत नाई आले. येतानी एकदा खाकरले." रोशननं पुडी खाली ठेवली. "एक गोष्ट ध्यानात राहिली काकू. धुळवड होती न. रस्त्यावर एक माणूस कोरा नोहता, माहं स्वतःचं तोंड हिरवं होतं. पण त्यायच्या सदऱ्यावर रंगाचा एक थेंबही नोहता."

मी फोन काढला. ह्यांचा फोटो दाखवला.

रोशननं पाहिला. हेच म्हणून मान हलवली. मग त्याचं लक्ष गेलं की फोटोला हार घातलेला आहे.

"कधी?" त्यानं विचारलं.

"दसऱ्यानंतर."

होळीला ह्यांना जाऊन चार महिने होऊन गेले होते.

मी ती साल उचलली. होळीची साल ती, वाळून कडक व्हायला पाहिजे होती. ओली होती. बोटाला रस लागला.

एक म्हातारी म्हणाली, "गोमेद दिसते हा. राहूचा खडा आहे माय, असा कसाही घालू नको."

पण मला काही ऐकू येत नव्हतं. इतके महिने खोटारडा म्हणून ज्याला मनात शिव्या दिल्या, तो माणूस मेल्यावर माझ्यासाठी नागपूरला गेला होता. मी तृप्तीच्या मोरीत जाऊन साबण लावून अंगठी काढली. सुजलेल्या बोटातून निघता निघेना. रोशननं खडा जागेवर ठेवला.

टक्.

घासावं लागलं नाही, दाबावं लागलं नाही. त्यानं चिमट्यानं कडेच्या नख्या वाकवल्या आणि अंगठी माझ्या हातात दिली. मी तिथंच सगळ्यांसमोर रडली.

घरी आली. हात सारखा उजेडात धरून पाहत होती. दिवेलागणीला चहा ठेवला. दोन कप काढले. आज अंगठी दाखवायची होती ना.

वाट पाहिली...

दारात काही वाजलं नाही.

चहावर साय आली.

दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पोळा आला. गल्लीतून बैलांची घुंगरं वाजत गेली, पोरं ओरडत गेली, मग शांत झालं. मी दाराला कान लावून उभी होती.

काहीच नाही.

तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी काय म्हटलं होतं? खडा बसवल्याबिगर तुला सोडून जात नाही.

बसवला. आणि गेले.

शब्दाचा पक्का निघाला माणूस, आणि मी वेडी, मीच अंगठी काढून दिली होती. साबण लावून.

त्या घरात मग जे एकटेपण आलं, ते तेरवीनंतरही नव्हतं. भांडं पडलं तरी बरं वाटायचं, आवाज तर झाला म्हणून. दोन दिवस मी कोणाशी एक शब्द बोलली नाही. बोलायला होतंच कोण?

शेवटी ह्यांच्या अवजारांच्या पेटीतून पक्कड काढली. अंगठीच्या नख्या उचकटल्या. बोट कापलं, रक्त आलं. खडा काढून पदरात बांधला.

पाप केलं का? केलं असेल.

दिवेलागणीला चहा ठेवला...

दारात खाकरणं आलं.

मी धावली. दार उघडलं. कोणी नव्हतं. पण उंबरठ्यावर काहीतरी पडलं होतं.

संत्र्याची ताजी साल. फोडीच्या आकाराची कापलेली.

मी खालीच बसली. ते पुन्हा पहिल्यापासून लागले होते. पुन्हा माप, पुन्हा खडा. आणि खडा माझ्या पदरात.

त्याला आता महिना होत आला. उर्वशी म्हणते, आई, दिवाळीला न्यायला येते, आता काही ऐकणार नाही. मी हो-नाही काही बोलत नाही.

कारण एक गोष्ट बदलली आहे.

आधी हे खाकरून दारातच थांबायचे. मी "या" म्हणेपर्यंत. आता थांबत नाहीत. खाकरणं होतं आणि लगेच स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजतात. आधी तांदळाचा डबा. मग पिठाचा. काहीतरी शोधून राहिले. सकाळी पाहावं तर प्रत्येक डब्याला संत्र्याचा वास.

मी खड्याची जागा रोज बदलते. कधी उशीत, कधी देव्हाऱ्यात, कधी कमरेला.

कधी कधी मनात येतं, हे आमचेच आहेत ना? आमचे हे तर मला विचारल्याशिवाय साखरेच्या डब्यालाही हात लावायचे नाहीत.

आता हे लिहून राहिली तर दिवेलागण झाली आहे. खडा माझ्या मुठीत आहे. खाकरणं आताच होऊन गेलं.

डाळीचा डबा उघडला...

"अवो," मी म्हटलं, "आधी चहा तर घ्या."

झाकण वाजायचं थांबलं.

चुलीसमोरून पावलं निघाली. माझ्याकडं येऊन राहिली.

मी मूठ आणखी घट्ट केली.