चंद्रोदय आठ बेचाळीस

"माणूस काय सांगतो ते वहीत लिहून घे, पोरी. पण तो कुठं उभा राहून बघत होता, ते आधी डोक्यात मांड."

सर्जेराव साहेबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तरी त्यांचं हे वाक्य सहायक निरीक्षक मैत्री साळवेच्या कानात अजून वाजायचं. त्या शनिवारी सकाळी मात्र तिच्या समोर बसलेली बाई काही सांगतच नव्हती. मूठ आवळून बसली होती.

मग तिनं मूठ टेबलावर उघडली. आत केसांचा पुंजका होता. रक्तानं चिकटलेला, आणि टोकांना जळून बारीक गाठी झालेल्या.

"माझ्या लेकीचं हायेत," ती म्हणाली. "आंघोळ घालताना हातात आलं. डोस्क्याला मागं तीन खोका हायेत, एकाला लागून एक. दगडावर माणूस एकदा आपटतं, मॅडम. तीनदा कसं आपटंल? आणि नदीत पडल्यावर केस कसं जळतील?"

तुळजाबाई वाघोलीची. तिची मुलगी ऋतिका इंजिनिअर, कर्वेनगरला दिलेली. मंगळवारी नवरा, दीर आणि जाऊ यांच्याबरोबर ती हिमालयातल्या एका दरीत, मोठ्या लोकांच्या लॉजवर सुट्टीला गेली. गुरुवारी रात्रीनंतर ती कुणाला दिसली नाही. शुक्रवारी पहाटे नदीच्या खडकांत सापडली. तिथल्या पोलिसांनी घाईघाईनं शवचिकित्सा उरकून पाय घसरून अपघात असं लिहिलं, आणि आज सकाळच्या विमानानं तिला पुण्यात आणलं होतं. तीन वाजता दहन.

म्हणजे हातात पाच तास. एकदा अग्नी दिला की त्या तीन खोकांचा साक्षीदार राखेत जाणार होता. गुन्हा कुठंही घडो, झिरो एफआयआर इथं नोंदवता येत होता, देह पुन्हा तपासायला पाठवता येत होता. पण त्यासाठी जळक्या केसांहून भक्कम काहीतरी हवं होतं.

"तिचा जीव घ्यावा असं कुणाचं काय अडलं होतं?" मैत्रीनं विचारलं.

तुळजाबाईनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. दीर दिग्विजय वाघोलीत इमारत बांधत होता. नकाशे त्याच्या बायकोच्या, संस्कृतीच्या सहीचे. ऋतिका त्याच ऑफिसात होती. पार्किंगचे खांब बारीक केलेत, सळई कमी पडतेय, असं तिनं लेखी कळवलं होतं. श्रावणात स्लॅब कोसळला आणि तीन मजूर चेंगरले. चौकशीत ते पत्र कुणी दाखवलंच नाही. येत्या सोमवारी ऋतिका स्वतः जबाब देणार होती. मेलेल्यांपैकी एकाच्या बायकोला तिनं शब्द दिला होता, साहेबांपुढं तुझ्या शेजारी मी उभी राहीन म्हणून.

"हे घरात माहीत होतं?"

"तिनंच सांगितलं की. चोरून काय करायची सवय न्हवती तिला."

मैत्रीनं टोपी उचलली. हवालदार कांताबाईंना जीप काढायला सांगितली.

*

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हॉलमध्ये ऋतिकाला ठेवलं होतं, उशाशी कणकेचा दिवा. खाली पार्किंगमध्ये बांबू बांधायचं काम चाललं होतं.

दिग्विजय दारातच आडवा आला. त्याच्या दोन्ही मनगटांवर ओरखडे होते. काट्याझुडपांतून तिला वर काढताना झाले, असं त्यानं न विचारताच सांगून टाकलं.

"मॅडम, तीनला न्यायचंय," तो म्हणाला. "पोलिसांच्या सोयीनं मरण थांबत नाही."

"मरण नाही थांबत," मैत्री म्हणाली. "अग्नी थांबतो."

तिनं एकेकाला आतल्या खोलीत घेतलं. पहिला नवरा, इंद्रजीत. गुरुवारी संध्याकाळी उंचीमुळे त्याचं डोकं ठणकत होतं. वहिनींनी गोळी दिली, ती घेऊन तो साडेसातला झोपला तो सकाळी दार वाजल्यावरच उठला. एवढं सांगताना तो तीनदा रडला, आणि तीनही वेळा त्याला कुठं बघावं ते कळलं नाही.

मग दिग्विजय. साडेसात ते दहा तो लॉजच्या जेवणघरात मॅनेजरशी बुद्धिबळ खेळत होता. तीन डाव झाले, दोन तो हरला. खोटं सांगणारा माणूस हरलेले डाव सांगत नाही, एवढं मैत्रीला ठाऊक होतं. तरी तिनं मॅनेजरचा नंबर लिहून घेतला.

शेवटी संस्कृती. पांढरी साडी, शांत आवाज. उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून तिनं पाण्याचा पेला डाव्या हातानं पुढं केला.

"ऋतिकाचा उपास होता असं इंद्रजीत म्हणाले. तुमचाही होता?"

"हो. गुरुवारी संकष्टी होती. ऋतिकाला नवसाच्या एकवीस करायच्या होत्या."

"सोडला किती वाजता?"

"आठ बेचाळीसला. चंद्रोदय झाला तसं दोघींनी खोलीबाहेरच्या ओट्यावर अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला, दोन घास खाल्ले."

"चंद्र दिसला?"

"अगदी स्वच्छ. तिथं काय आपल्यासारखी धूळ आहे का?"

"मग?"

"मग ती म्हणाली, वहिनी, मी नदीपर्यंत जाऊन येते. चांदणं इतकं पडलं होतं की पुलापर्यंत तिची लाल शाल दिसत होती मला. मग मी आत गेले. थांबवायला हवं होतं मी तिला."

"हाताला काय झालं?"

"बुखारीला लागला. खोली तापवायला लाकडाची शेगडी असते तिथं. सवय नाही ना आपल्याला."

तिन्ही जबाब एकमेकांत चपखल बसत होते. मैत्री गॅलरीत येऊन उभी राहिली. एक वाजला होता.

तुळजाबाई तिथं कोपऱ्यात आपल्या मोबाइलवर आलेल्या लेकीच्या जुन्या निरोपांवरून बोट फिरवत बसली होती. तिला वाचता येत होतं, पण अक्षर लावत लावत. मैत्री शेजारी टेकली आणि वाचून दाखवू लागली. बुधवारचा निरोप होता. 'आई, इथं सूर्य साडेनवाला उगवतो, खोटं वाटेल तुला. अंगणासमोर पूर्वेला डोंगरच एवढा उभा आहे. लॉजवरच्या बायकांचा पण उद्या उपास आहे. त्यांची करवा चौथ, माझी संकष्टी. सगळ्या मिळून चंद्राची वाट बघणार.'

मैत्रीनं तो निरोप दोनदा वाचला. मग कांताबाईंना हाक मारली.

"कांताबाई, आमच्या घरात हा उपास नाही. मला सांगा, सोडायला चंद्र दिसावाच लागतो?"

"दिसला तर उत्तम," कांताबाई म्हणाल्या. "नाही तर भिंतीवर कॅलेंडर आहेच की. पुण्याची वेळ छापलेली असते. आमच्या कोथरूडला समोरच्या बिल्डिंगीमागून चंद्र निघेपर्यंत दहा वाजतात. तोवर कोण थांबतंय? वेळ झाली की आकाशाकडं तोंड करून हात जोडायचे आणि पान वाढायचं. देव काय घड्याळ मागत नाही."

"गुरुवारची वेळ काय होती?"

कांताबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवर बघितलं आणि परत येऊन सांगितलं. आठ बेचाळीस.

मैत्रीनं लॉजला फोन लावला. आधी मॅनेजर बोलला, मग तिनं खोल्यांचं काम बघणाऱ्या बाईला बोलवायला सांगितलं. दहा मिनिटं ती हिंदीत बोलत होती. फोन ठेवल्यावर तिनं सरकारी रुग्णालयात एक गाडी मागवली.

*

अडीच वाजता आतल्या खोलीत मैत्रीसमोर पाच जण होते. इंद्रजीत पलंगाच्या कडेला, दिग्विजय खिडकीशी, संस्कृती खुर्चीत, तुळजाबाई जमिनीवर. कांताबाई दाराला पाठ लावून उभ्या.

"ऋतिका घसरून पडली नाही," मैत्री म्हणाली. "तिला तापलेल्या लोखंडानं मारलं. मागून. तीन वेळा. तिचे केस जळलेत. नदी केस जाळत नाही."

दिग्विजय काही बोलायला गेला. तिनं हात वर केला.

"मॅनेजर सांगतो की दहापर्यंत तुम्ही जागचे हलला नाहीत. इंद्रजीतनी गोळी घेतली होती. ती दिली कुणी? ते आपण नंतर बघू. आता फक्त चंद्राचं बोलू. संस्कृतीताई, चंद्र तुम्ही कुठं उभं राहून बघितला?"

"सांगितलं ना. ओट्यावर."

"त्या ओट्यासमोर डोंगर आहे. सूर्यसुद्धा त्याच्यावर यायला साडेनऊ वाजतात. त्या रात्री चंद्र तिथं अकराच्या आधी दिसणार नव्हता. गुरुवारी तर लॉजवरच्या सगळ्या बायकांचा उपास होता. सव्वाआठलाच त्या चंद्र लवकर दिसावा म्हणून वरच्या गावात चढून गेल्या. अंगण ओस पडलं. त्यांनी ऋतिकाला चला म्हटलं होतं. ती म्हणाली, नवरा आजारी आहे, मी इथंच थांबते, अकरा तर अकरा."

मैत्री संस्कृतीच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"आठ बेचाळीसला त्या दरीत काळोख होता. चंद्र नव्हता, चांदणं नव्हतं, लाल शाल दिसायची सोय नव्हती. ती वेळ तुम्ही आकाशात बघितली नाही. ती पुण्याच्या कॅलेंडरात बघितली. जन्मभर तिथंच बघत आलात. खोटं रचताना मनात दुसरी वेळ आलीच नाही, कारण कॅलेंडरातलं कधी खोटं असेल असं आपल्याला वाटतच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीतलं ताट झाकलेलंच सापडलं. एक घास उष्टा नव्हता. आणि बुखारीतले निखारे सारायची लोखंडी सळई अजून सापडलेली नाही."

"संस्कृती?" दिग्विजय म्हणाला. बायकोला पहिल्यांदाच बघतोय असा.

संस्कृती उठली, ती इतक्या सहज की पाणी प्यायला उठली असं वाटलं. टेबलावरचा पितळी तांब्या तिनं उचलला आणि मैत्रीच्या कपाळावर हाणला. भुवई फाटली, रक्ताचा पडदा डोळ्यांवर आला. दुसरा घाव खांद्यावर बसला. मग तांब्या टाकून ती तुळजाबाईवर कोसळली आणि दोन्ही हातांनी तिनं म्हातारीचा गळा धरला.

"तुझ्यामुळं," ती दातांतून म्हणत होती. "तूच शिकवलंस तिला. शब्द दिलाय, शब्द दिलाय. पन्नासदा सांगितलं, नुसतं गप्प बस."

तुळजाबाईचे डोळे पांढरे झाले. कांताबाईंनी संस्कृतीचा दंड मागं पिरगळला, काहीतरी कडकन वाजलं, तरी तिची बोटं सुटेनात. मैत्रीनं आंधळेपणानं एकेक बोट उकललं. झटापटीत पट्टी सुटली.

तळव्यावर आणि चारही बोटांवर आडवा, सरळ, एकच भाजलेला पट्टा होता. शेगडीला चुकून हात लागला तर चट्टा उठतो. हा पट्टा मूठ आवळून सळई धरल्याचा होता.

जमिनीवर पालथी पडलेली संस्कृती मग हसल्यासारखी बोलू लागली. ती बोलली ते सगळं कांताबाईंनी लिहून घेतलं. ऋतिका ओट्यावर डोंगराकडं तोंड करून बसली होती. संस्कृतीनं पाया पडून सांगितलं की तुरुंगात जाईन मी, मला वाचव. ऋतिका म्हणाली, वहिनी, त्या तीन जणांना कुणी विचारलं का? आणि पुन्हा डोंगराकडं बघू लागली.

"मागं वळूनसुद्धा बघितलं नाही," संस्कृती म्हणाली. "सळई आत निखाऱ्यात होती. पहिल्या घावाला ती आई म्हणाली. दुसऱ्याला काहीच नाही. तिसरा का घातला ते मला माहीत नाही. मग पाय धरून ओढत नदीवरच्या कड्यापर्यंत नेली आणि लोटून दिली. मूर्ख कुठली, चंद्र बघायला बसली होती."

इंद्रजीत तिच्या अंगावर धावला, तेव्हा त्याच्या भावानंच त्याला मिठीत पकडलं. दोघंही तसेच, एकमेकांना धरून, भिंतीशी खाली बसले.

तीन वाजता खाली बांबू तयार होते. त्यांच्यावरून देह गेला नाही. तो सरकारी गाडीतून गेला, आणि तिन्ही खोका कागदावर नीट उतरल्या.

*

रविवारी ऋतिकाला अग्नी दिला. त्या वेळी तुळजाबाईनं मैत्रीला एकच विचारलं, त्या पत्राची प्रत कपाटात आहे, ती उद्या चौकशीत चालेल का? मैत्रीनं सांगितलं, चालेल. मी माणूस पाठवून मागवून घेते, तुम्ही कशाला हेलपाटा घालता?

पण सोमवारी सकाळी मैत्री कपाळाला पाच टाके घेऊन स्वतःच वाघोलीला निघाली. घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, मावशी आत्ताच बाहेर पडल्या, अंगारा लावून, चहासुद्धा न घेता.

जीप वळवल्यावर ती दिसली. धुतलेलं लुगडं, गळ्यावर काळेनिळे वळ, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत कागद. मैत्रीनं गाडी हळू करून दार उघडलं.

"बसा मावशी. सोडते तुम्हाला चौकशीच्या ऑफिसात."

"न्हाई बाई," तुळजाबाई म्हणाली. घशातून आवाज धड फुटत नव्हता. "आधी तिला घ्यायचंय, लेकीनं शब्द दिलाय त्या बाईला. पत्र्याच्या शेडात ऱ्हाती ती. पोलिसाची गाडी बघून घाबरंल. आमी दोघी बसनं येतो."

मैत्रीनं दार लावून घेतलं. तुळजाबाईनं पदर डोक्यावरून घेतला, नगर रस्ता दोन्हीकडं बघून ओलांडला, आणि बांधकामाच्या पत्र्यांमधल्या पायवाटेनं ती आत चालू लागली.