दोन रिमोटचा हत्ती

"एक धरू का?"

हा प्रश्न पाठीमागून आला तेव्हा मी फुटपाथवर उभी राहून एक अशक्य कसरत करत होते. एक रिमोट हातात, दुसरा पट्ट्याने गळ्यात अडकवलेला, आणि त्या दुसऱ्याचं चाक मी चक्क हनुवटीने फिरवू बघत होते. समोरच्या नव्या इमारतीचं ड्रोनने वरून शूट करायचं होतं. ती बांधणारे साहेब सावलीत उभे राहून सारखे घड्याळ बघत होते. आणि ज्याने तो दुसरा रिमोट धरायचा तो माझा दादा त्याच सकाळी नव्या नोकरीसाठी दूरच्या गावी निघून गेला होता.

मी वळून पाहिलं. चष्म्याच्या दुकानाच्या दारात एक तरुण उभा होता, हातात काच पुसायचं पिवळं फडकं. स्वतःच्या डोळ्यांवर मात्र चष्मा नव्हता.

"तुम्हाला येतं हे?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पण तुमच्या हनुवटीलाही येत नाहीये..."

मी गळ्यातला पट्टा काढला आणि त्याच्या गळ्यात घातला. पुढे त्याची आत्या, म्हणजे त्या दुकानाची मालकीण, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची की या पोरीने पहिल्याच भेटीत आमच्या भाच्याच्या गळ्यात पट्टा बांधला.

आमचा ड्रोन जुना होता. दादाने आणि मी मिळून घेतलेला. अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा. तो उडाला की गल्लीतली सगळी कुत्री एका सुरात भुंकायची. आम्ही त्याला हत्ती म्हणायचो. आणि या हत्तीला दोन माणसं लागायची. एकाने त्याला उडवायचं, दुसऱ्याने त्याच्या पोटाखालचा कॅमेरा फिरवायचा. उडवणारी मी, त्यामुळे माझे डोळे आभाळात. कॅमेऱ्यावाल्याचे डोळे रिमोटच्या पडद्यावर. मी विचारायचं, "घेतलंस?" आणि तो "घेतलं" म्हणेपर्यंत हत्ती जागचा हलवायचा नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम.

मी त्या दिवशी नियम चष्मेवाल्याला घाईघाईने समजावला आणि हत्ती वर नेला.

"घेतलंत?"

"थांबा..."

"थांबा काय? बॅटरी जातेय!"

"पाण्याच्या टाकीवर मांजर झोपलंय... अंग ताणतंय आता... थांबा हं... एक पंजा लांब केला... हां. घेतलं."

साहेबांना घरं विकायची होती, मांजर नव्हे. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण साहेबांना नेमकं तेच आवडलं. म्हणाले, इमारत कशी नांदती वाटतेय! मी चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो फडक्याने रिमोटचा पडदा पुसत होता, जणू आपण काही केलंच नाही.

"दर रविवारी दुकान बंद असतं का हो तुमचं?" मी विचारलं.

"असतं."

"मग रविवारी काय करता?"

"आजवर काहीच नाही," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एकच गाल आत जायचा, डावा. मी तो बघितला, आणि बघितलाच नाही असं दाखवून हत्ती पेटीत ठेवायला लागले.

मग सगळे रविवार आमचे झाले. विकाऊ बंगले, हॉटेलं, एकदा तर एका कारखान्याचं छप्पर. माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर हत्ती बसायचा आणि पुढे आम्ही दोघं. पाऊस आला की उडवता यायचं नाही, मग थांबावं लागायचं. काचांवर थेंबांची टपटप, आत आमचा श्वास लागून धूसर झालेल्या काचा, आणि थर्मासमधला चहा एकाच झाकणातून आळीपाळीने. मी तोंडाने पावसाला शिव्या द्यायचे. मनातून म्हणायचे, पड बाबा, अजून पड...

अशाच एका पावसात तो म्हणाला, "थर्मास दे ना."

"दे?" मी भुवया उंचावल्या. "काल-परवापर्यंत द्या होतं."

तो गोरामोरा झाला. "चुकून... म्हणजे..."

"राहू दे चुकलेलं," मी म्हणाले आणि थर्मास दिला.

पण हत्ती थकला होता. वर गेल्यावर मध्येच एका अंगाला कलायचा, आवाजात एक खरखर आली होती. बॅटऱ्या फुगायला लागल्या होत्या. दुरुस्तीवाले काका त्याला टेबलावर उताणा घालून म्हणाले, "पोरी, याचे सुटे भाग आता येत नाहीत. याला पोसण्यापेक्षा नवा घे. स्वस्त आहे, हलका आहे. आणि एकटीला पुरतो."

एकटीला पुरतो. काकांनी हे मोठं कौतुकाने सांगितलं, आणि मी हत्ती उचलून पेटीत घातला.

नवा ड्रोन खरंच गुणी होता. घडी घालून तळहातावर मावायचा, आवाज नाही, आदळआपट नाही, झाड आडवं आलं तर आपणच बाजूला व्हायचा. किंमत हत्तीच्या निम्म्याहून कमी. मी त्याला चिमणी म्हणायला लागले, पण प्रेमाने नव्हे. वाऱ्यात टिकणार नाही, रंग फिके येतील, स्वस्त ते सडकं... जो भेटेल त्याला मी हेच ऐकवत होते. आई शेवटी कंटाळून म्हणाली, "अगं, एवढी नावं ठेवतेस, एकदा उडवून तरी बघ! नाचता येईना अंगण वाकडं."

म्हणून विकणाऱ्याकडून चिमणी वापरून बघायला आणली. पसंत नसेल तर परत करायची बोली होती. एका रविवारी सकाळी नदीकाठावरून आधी हत्ती उडवला, मग चिमणी. चिमणी उडत होती तेव्हा चष्मेवाला शेजारी नुसताच उभा होता. हातांचं काय करावं त्याला कळेना, शेवटी त्याने ते खिशात घातले.

दुपारी बंद दुकानात, डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत, त्याने मला पेशंटच्या उंच खुर्चीवर बसवलं. समोरच्या पडद्यावर एकदा एक चित्र लावलं, एकदा दुसरं. कुठलं कोणाचं ते सांगितलं नाही.

"पहिलं बरं, की दुसरं?"

"पहिलं," मी ताडकन म्हणाले.

"घाई नको. परत बघ... पहिलं? की दुसरं?"

अंधारात तो अगदी जवळ उभा होता. त्याच्या शर्टाला काच पुसायच्या पाण्याचा वास येत होता. पडद्यावर नदीवरचं ऊन एकदा चमकलं, पुन्हा चमकलं, दुसऱ्यांदा जास्त खरं.

"दुसरं," मी हळूच म्हणाले.

"दुसरं चिमणीचं." त्याने दिवा लावला. "घे मग. विचार कसला करायचा त्यात?"

इतक्या सहज? मला वाटलं होतं, तो निदान दोन क्षण तरी गप्प बसेल. "आणि तू?" मी विचारलं.

"मी काय? चिमणीला दुसरा रिमोटच नाही." तो आधीच स्वच्छ असलेलं एक भिंग पुसत होता. "रविवारी झोपेन जरा."

"छान," मी म्हणाले. "झोप. खूप झोप."

मी तरातरा बाहेर पडले. जाताना दार आपटायचं होतं, पण त्या मेल्या दाराला आपोआप हळू मिटायची सोय होती. ते माझ्या मागे अगदी अदबीने मिटलं.

हत्ती काकांकडे ठेवून पुढच्या कामाला मी एकटी गेले. तळ्याकाठचं हॉटेल होतं. मॅनेजर बाई बोलक्या, हवा छान, वारा नाही. चिमणी माझ्या हातावरून उडाली आणि छपरावर जाऊन अलगद थांबली. पडद्यावर लाल कौलं, पलीकडे तळं, सगळं आरशासारखं लख्ख.

"घेतलंस?" मी विचारलं.

आणि थांबले.

कशासाठी थांबलेय ते माझ्या लक्षातच आलं नाही. हाताला सवय होती, तोंडाला सवय होती, कानाला सवय होती. मी आभाळात बघत उत्तराची वाट पाहत राहिले आणि चिमणी बिचारी एकाच जागी लटकून राहिली. बऱ्याच वेळाने मॅनेजर बाईंनी विचारलं, "ताई, कोणाशी बोलताय तुम्ही?"

तेवढ्यात रिमोटने बॅटरी संपत आल्याची टुणटुण केली आणि चिमणी कोणालाही न विचारता परत येऊन माझ्या पायाशी उतरली.

मी हॉटेलच्या पायरीवर बसून हसले. खूप हसले... आणि मग डोळे पुसले. मॅनेजर बाईंना वाटलं यंत्र बिघडलं. यंत्राला काहीसुद्धा झालं नव्हतं. दुसरी बॅटरी घालून मी उरलेलं शूट उरकलं आणि एकही चित्र वाईट आलं नाही. वाऱ्याचं, रंगांचं, स्वस्ताचं, सगळं मी उगाच उगाळत होते. लोक हत्ती असतो म्हणून माहूत ठेवतात. मी माहुतासाठी हत्ती पोसत होते. मला तो हवा होता. नुसते त्याचे हात नव्हे, त्याचं ते वेळकाढू "थांबा", तो डावा गाल, तो अख्खा हवा होता. आणि त्याला मी हे कधी एका शब्दानेही सांगितलं नव्हतं, कारण हत्ती होता तोवर सांगायची गरजच पडत नव्हती.

गाडीत बसते तोच दुरुस्तीवाल्या काकांचा फोन आला. "अगं, नशीबवान आहेस! तुझ्या हत्तीचा भाऊ भंगारात आलाय. त्याच्या मोटरी चांगल्या आहेत, बॅटऱ्याही. बसवल्या तर आणखी वर्षभर सहज उडेल. बसवू का?"

एक वर्ष. वर्षभराचे रविवार, वर्षभराचा पाऊस, थर्मासचं एकच झाकण! माझ्या जिभेवर 'बसवा' आलंच होतं. पण वर्षाने पुन्हा हेच. पुन्हा मोटर, पुन्हा काकांचं टेबल, आणि तोवर मी पुन्हा आभाळात बघत उभी.

"नको, काका," मी म्हणाले. "हत्तीला तुमच्याकडेच राहू द्या." फोन ठेवला आणि गाडी सुरू केली.

तशीच सरळ दुकानात गेले. कामाचा दिवस होता. आत्या गल्ल्यावर होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "जा. गेल्या रविवारपासून उजव्या डोळ्याची काच डाव्याला बसवतोय."

आत उंच खुर्चीवर एक आजोबा बसले होते, डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम. चष्मेवाला तिच्यात भिंग सरकवत होता. मला बघून त्याचा हात तसाच राहिला.

"हत्तीला निरोप दिला," मी म्हणाले. "चिमणी ठेवली."

"चांगलं केलंस."

"तुला बरं वाटलं?"

तो म्हणाला, "नाही. अजिबात नाही."

"मग 'घे' का म्हणालास? तेही इतक्या पटकन?"

"तुलाच चिमणीचं चित्र बरं दिसलं. इथे बसलेल्या माणसाला मी खोटं सांगत नाही." त्याने हातातल्या भिंगाकडे बघितलं. "आणि... आणखी एक होतं. हत्ती होता तोवर मला कळायला मार्गच नव्हता. तू मला बोलवायचीस ती दुसऱ्या रिमोटला माणूस हवा म्हणून, की... मी हवा म्हणून. विचारायची हिंमत नव्हती. म्हटलं, जाऊ दे तो हत्ती. मग बोलावणं आलं तर आपलं असेल."

"आणि नसतं आलं तर?"

"तो विचार तू गेल्यावर केला," तो म्हणाला. "तेव्हापासून दुसरं काही केलेलं नाही."

"वेडा आहेस," मी म्हणाले. "विचारायचंस ना रे..."

"अहो," खुर्चीवरचे आजोबा म्हणाले, "मला तुम्ही दोघं चार दिसताय. आधी माझं काहीतरी करा."

त्याने गडबडीने त्यांची फ्रेम काढली. आजोबांनी डोळे चोळले, नीट टेकून बसले आणि 'चालू द्या' अशी मान हलवली.

मी श्वास घेतला. वर बघायला आभाळ नव्हतं. समोर तो होता, इतक्या जवळ की त्याच्या पापण्या मोजता आल्या असत्या.

"या रविवारी काम नाही," मी म्हणाले. "शूट नाही, रिमोट नाही, काही म्हणजे काही धरायचं नाही. येशील?"

"कशाला?"

"कशालाच नाही. तू आवडतोस म्हणून."

त्याचे कान लाल झाले. मग तो डावा गाल हळूच आत गेला.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

"सकाळीच बोलाव गं," आजोबा म्हणाले.