चंद्रावर अंजीर पिकेना

उल्का कामठेनं अंजीर पुन्हा एकदा दाबून पाहिलं. टणक! काल होतं तसंच, परवा होतं तसंच. हिरवंगार आणि गोटीसारखं घट्ट.

"अरे, पिकणार आहेस की नाही?" ती फळावरच खेकसली.

तिच्या चिडण्याला कारण होतं. ही गोष्ट आहे चंद्रावरच्या वस्तीतली. तिथं बाहेर ना हवा, ना पाणी. म्हणून सगळी शेती एका भल्यामोठ्या घुमटाखाली, कुंड्यांमध्ये चालायची. या घुमटाला सगळे 'शिवार' म्हणत. जागा थोडी आणि खाणारी तोंडं फार, म्हणून वस्तीनं एक रीत पाडली होती. ज्या कुंडीतलं काहीच गुढीपाडव्याच्या ताटात पडणार नाही, ती कुंडी दुसऱ्या पिकाला द्यायची. पालक-मेथीला कसली भीती? टोमॅटो तर नुसता मिरवत होता. अंजिराची कुंडी मात्र बटाट्यांना गेल्यातच जमा होती, आणि झाड उपटून खतात जाणार होतं.

ते झाड उल्काचं होतं. तिचा विश्राममामा वनस्पतिशास्त्रज्ञ. पुरंदरहून चंद्रावर येताना त्यानं अंजिराची एवढीशी काडी आणली होती. तिला पाणी घालून, तिच्याशी बोलून, वेळप्रसंगी रागावून उल्कानं तिचं आपल्या उंचीचं झाड केलं होतं. ते खतात जाऊ द्यायला ती मुळीच तयार नव्हती.

शिवाराच्या प्रमुख होत्या कुमुदताई पाटणकर. त्या म्हणाल्या, "उल्का, मला झाडाचा राग नाही गं. पण नुसती पानं बघून पोट भरत नाही. पाडवा तोंडावर आलाय."

"येऊ दे की! माझं अंजीर ताटात पडणार म्हणजे पडणार!" उल्का ठासून म्हणाली.

बोलून तर बसली! पण पडणार कसं? मामा नेहमी सांगायचा, पुरंदरला अंजिराचे दोन बहार. पावसाळ्यातला खट्टा बहार मिळमिळीत आणि उन्हाळ्यातला मीठा बहार गोड, कारण त्यानं ऊन खाल्लेलं असतं. शिवारात दिवे तर दिवसभर लख्ख असायचे. मग घोडं अडलं कुठं? उल्कानं वाकून पाहिलं. फळं पानांच्या सावलीत होती. अस्सं! म्हणजे सगळं ऊन ही पानंच गिळतायत तर!

झालं. तिनं एक फांदी धरली आणि सटासट पानं तोडली. हाताला पांढरा चीक लागला, खाज सुटली, तरी गडी थांबायला तयार नाही. दुसऱ्या फांदीला हात घालणार, तोच मामा धावत आला.

"अगं बाई, थांब! झाडाचं स्वयंपाकघर पाडतेयस तू!"

"स्वयंपाकघर?"

"मग काय! फळ स्वतःचं जेवण स्वतः रांधत नाही, निदान पोट भरण्याइतकं तरी नाही. ते काम पानांचं. पान हवा आणि पाणी घेतं आणि उजेडाच्या जोरावर त्यांची साखर बनवतं. याला म्हणतात प्रकाशसंश्लेषण (प्रकाशाच्या मदतीनं अन्न तयार करणं). मग ती साखर देठातून फळात जाते. फळावर ऊन पडलं तर रंग खुलायला मदत होते, हे खरं. पण गोडी येते पानांवर पडलेल्या उन्हातून."

उल्काचं तोंड एवढंसं झालं. बोडक्या फांदीकडे तिला बघवेना. पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हे. हात धुऊन ती पुन्हा झाडापाशी उभी राहिली.

"मामा, पानं आहेत, उजेड आहे. म्हणजे साखर बनतेय. तरी फळ पिकत नाही. कशाची तरी कमी आहे ना?"

"आहे."

"कशाची?"

"मी नाही सांगणार. तूच सांग, पुरंदरचं ऊन आणि हे दिवे, फरक काय?"

उल्का पुरंदरला एकदाच गेली होती, भर एप्रिलात. तिला आठवले ते मळ्यात अनवाणी पळताना पायाला बसलेले चटके. तिनं दिव्याखाली हात धरला. लख्ख उजेड, पण चटका कुठला, साधी ऊबही नाही!

"मामा! हा उजेड थंड आहे!"

"बरोब्बर. पृथ्वीवर सूर्य उजेड आणि ऊब दोन्ही एकदम देतो, म्हणून आपल्याला ती एकच गोष्ट वाटते. इथं आपण त्यांची फारकत केलीय. उजेड दिव्यांचा, आणि हवा मात्र पालकाला मानवेल अशी गार."

"पण उबेचं फळाला काय काम?"

"फळात विकरं असतात (पेशींमधली कामं भराभर उरकणारी रसायनं). गर मऊ करायला, फळ गोड व्हायला तीच राबतात. शिवाय फळ भरत आलं की इथिलीन सोडतं. हा एक वायू, म्हणजे 'चला, पिका आता' असा हुकूमच. पण गारठ्यात सगळाच कारभार रेंगाळतो."

"मग शिवार तापवा!"

"आणि पालकानं मान टाकली की कुमुदताईंना तोंड कोण दाखवणार? आधी सिद्ध तर कर."

उल्कानं इकडे तिकडे पाहिलं. शिवारात पाणी घालणारा ढब्बू रोबोट डुलत डुलत चालला होता. बुटका, गोल, आणि पाठीवरच्या जाळीतून कायम गरम वारा सोडणारा. तिनं त्याला धरूनच आणलं.

"ढब्बू, काम संपलं की या झाडाला पाठ लावून बसायचं."

"मी पाणी घालणारा आहे. शेगडी नाही," ढब्बू फुरंगटून म्हणाला.

"बस रे, शहाणा ना तू!"

तिनं दोन फांद्या निवडल्या, एक पानांची आणि एक ती बोडकी. दोन्हींवर पारदर्शक पिशव्या चढवून ढब्बूचा गरम वारा नळीनं आत सोडला. तिसऱ्या, पानांच्या फांदीला ऊब द्यायची नव्हती, तरी तिच्यावरही तिनं पिशवी चढवली.

"हिला कशाला?" मामानं मुद्दाम विचारलं.

"नाहीतर फरक उबेनं पडला की पिशवीनं, कळणार कसं?"

मामानं तिच्या पाठीवर जोरात थाप मारली.

पण उल्काला धीर कुठला! दुसऱ्याच दिवशी तिनं ढब्बूला जोर लावायला सांगितलं. पिशवी भट्टीसारखी तापली आणि संध्याकाळपर्यंत पानं मलूल झाली. फळाच्या सालीवर एक तपकिरी डाग उमटला. उल्का घाबरून मामाकडे पळाली.

"फार तापलं की पानं आपली पर्णरंध्रं (हवा आत-बाहेर जायची बारीक दारं) लावून घेतात, पाणी वाचावं म्हणून," मामा म्हणाला. "मग हवा आत येत नाही आणि साखरेचं काम अडतं. वर फळाची सालही करपते. ऊब हवी, भाजणं नको."

उल्कानं वारा कमी केला. हातानं अंदाज घे, पानं बघ, पुन्हा थोडा कमी. ढब्बू कुरकुरला, पण हलला नाही. रोज शाळा सुटली की ती तडक शिवारात यायची.

आणि मग पाडव्याच्या सकाळी तिनं पाहिलं. पानांच्या उबदार फांदीवरची अंजिरं फुगली होती, जांभळट झाली होती, मान वाकवून लोंबत होती. एकाच्या तळाशी तर रसाचा टपोरा थेंब आला होता. गार फांदीवरची तश्शीच हिरवी, टणक. बोडक्या फांदीवरचं एक मऊ पडलं होतं खरं, पण चाखलं तर अगदीच पाणचट!

"ऊब मिळाली, पण साखर पाठवायला पानंच नव्हती," उल्का हळूच म्हणाली. तिचं तिलाच उमगलं होतं.

पिकलेली अंजिरं मूठभरच होती. उल्कानं त्यांच्या पातळ चकत्या केल्या आणि प्रत्येक ताटात एकेक वाढली. पंगतीत कुमुदताईंनी चकती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि बोटंही चाटली.

"ताटात पडलं," त्या म्हणाल्या. "रीत म्हणजे रीत, कुंडी तुझी. पण ढब्बूला जन्मभर झाडाला बांधून ठेवणार का?"

"नाही. झाड शिवारालगतच्या भटारखान्याच्या भिंतीला लावायचं. पलीकडे भट्टी असते, भिंत सदा कोमट. ती ऊब नाहीतरी वायाच जाते. दिवा तेवढा वर टांगायचा."

उत्तर इतकं तयार होतं की कुमुदताई हसायलाच लागल्या. जेवण होताच उल्का कुंडी ढकलायला लागली. चंद्रावर वजन सहावा हिस्साच, तरी कुंडी एकटीला आवरेना.

"सरक, एका बाजूनं मी धरते," म्हणत कुमुदताईंनी पदर खोचला.

दोघींनी कुंडी भिंतीशी नेऊन टेकवली. कुमुदताईंनी उबदार भिंतीवर हात ठेवून पाहिला. मग इकडे तिकडे बघत, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "उल्का, आंब्याला किती ऊब लागत असेल गं?"

"मला नाही माहीत," उल्का म्हणाली. "पण कसं शोधायचं, ते माहीत आहे."