रेषेवर बोट

"तुमचं संपलं, की सांगा."

पियानोच्या मागून आवाज आला. मी हातातल्या बेस गिटारवरून चमकून वर पाहिलं. उघड्या झाकणावर आधी विस्कटलेले केस दिसले, मग कपाळावरची आठी, मग डोळे. आठी रागाची होती, डोळे मात्र चक्क हसत होते.

"काय संपलं की?"

"माझा छळ. मी इथे पियानो सुरात लावतोय... आणि तुम्ही बाजूला बसून त्याला बिघडवताय."

आता पहिल्याच भेटीत कुणी असं बोलतं का? मी कपडे शिवते. दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून घेते – बाही लांब झाली, कंबर घट्ट झाली. सुट्टीच्या दिवशीही बोलणी खायची माझी मुळीच तयारी नव्हती.

"हे वाद्यांचं दुकान आहे," मी म्हणाले. "वाचनालय नाही."

"असतं तर बरं झालं असतं!"

काउंटरमागे दुकानदार काका खुदकन हसले. मी मान फिरवली. वरवर रुबाब होता, पण आतून मला रडू येत होतं.

कारण असं, की माझी ताई गाते. तिच्या बँडमध्ये मी बेस वाजवते. शनिवारच्या कार्यक्रमात तिचं एक नवं संथ गाणं होतं आणि त्याची सुरुवात एकट्या बेसनं व्हायची होती. ताईला तिथे घरंगळत जाणारा सूर हवा होता. साध्या बेसच्या मानेवर धातूच्या पट्ट्या असतात, त्यामुळे सूर पायऱ्या चढल्यासारखे वेगवेगळे येतात. फ्रेटलेस बेसला त्या पट्ट्याच नसतात. बोट सरकेल तसा सूर सरकतो. "जमलं तर तू वाजव," ताई म्हणाली होती, "नाहीतर सुरुवात कीबोर्डवर करू." बँडमधले सगळे मला 'ताईची बहीण' म्हणूनच ओळखत. ती सुरुवात वाजवली असती, तर मी बेसवाली झाले असते. मला ती हवी होती. अगदी जीव टाकून हवी होती.

आणि माझ्या खिशाला झेपतील असे फ्रेटलेस दुकानात दोनच होते. पहिला काळा, चकचकीत, नुसतं बघत राहावं असा. पट्टा गळ्यात घालून हात सोडला, तर त्याचं डोकं धाडकन जमिनीकडे निघालं. त्याला सावरण्यातच अख्खं गाणं गेलं असतं. वर खुंट्याही ढिल्या. दुसरा तपकिरी, साधासुधा. खांद्यावर असा बसला, जणू माझ्याच मापानं शिवलाय. तारा गुळगुळीत, लाकूड न खरवडणाऱ्या. पट्ट्यांच्या जागी मानेवर बारीक पांढऱ्या रेषा. पण त्याच्यावर काकांनी चिठ्ठी चिकटवली होती – सदोष.

"जो नेतो तो परत आणतो," काका म्हणाले होते. "सुरातच लागत नाही म्हणतात. म्हणून तर स्वस्त आहे, पोरी."

आणि खरंच लागत नव्हता. मोकळ्या तारा ठीक वाजत. बोट टेकलं, की कुठलाही सूर घ्या, तोंड वाकडं व्हायचं. माझं आणि त्या पियानोवाल्याचंही.

मी बेस काढून ठेवणार, एवढ्यात तो म्हणाला, "परत वाजवा."

"का? छळ आवडायला लागला वाटतं?"

"वाजवा तर."

मी वाजवला. त्यानं पियानोवर तोच सूर दिला. पुढचा, त्याच्या पुढचा... त्याची मान हळूहळू एका बाजूला कलली. ऐकताना तो असा काही छान दिसत होता, की मला माझा राग नीट धरून ठेवता येईना.

"गंमत आहे," तो म्हणाला. "बेसूर माणूस कधी वर जातो, कधी खाली. तुम्ही दर वेळी खालीच... आणि दर वेळी तेवढ्याच! इतक्या नेमानं चुकणारं माणूस मी अजून पाहिलं नव्हतं."

"ही स्तुती समजू?"

"माझं अजून ठरायचंय."

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. ते नेहमीच्या जागी होतं – रेषेच्या किंचित मागे. साध्या बेसवर तसंच ठेवायचं असतं. बोट मागे दाबायचं, सूर पुढची पट्टी देते. पण इथे पट्टी होती कुठे? नुसती रेघ! वर्षानुवर्षांच्या सवयीनं माझा हात नसलेल्या पट्टीच्या भरवशावर बसला होता. आणि हा बेस परत करणारे सगळे माझ्यासारखेच साध्या बेसवर हात बसलेले असणार...

मी बोट सरकवलं. थेट रेषेवर.

सूर लागला! त्यानं पियानोची पट्टी दाबली आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले. आम्ही दोघं बघतच राहिलो – आधी बेसकडे, मग एकमेकांकडे. 

"काका!" मी ओरडले. "याच्यात काही दोष नाही!"

"अहो, आधी पैसे तरी द्या, भाव वाढवतील!" तो कुजबुजला.

काकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चिठ्ठी टरकन फाडली. "भाव तोच. इतके दिवस मीच बिचाऱ्याची बदनामी केली."

पावतीसाठी मी माझ्या शिवणाच्या दुकानाचा पत्ता सांगितला. निघताना त्या पियानोवाल्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्याकडे... बटण लावून मिळतं?"

दुसऱ्या दिवशी तो जाकिटाचं तुटलेलं बटण घेऊन माझ्या दुकानात हजर. मी बटण लावलं. मग कापायच्या टेबलामागे बसून बेस वाजवला. तो डोळे मिटून ऐकत होता. "खाली आहे... अजूनही खालीच... हं, हाच." त्याच्या पुढच्या दिवशी दुसरं बटण. मग तिसरं. मी मुकाट्यानं सुई ओवली.

शनिवारी सभागृह भरून गेलं होतं. दुपारी तिथला पियानो सुरात लावून तो पडद्याच्या कडेला थांबला होता. आमच्या ड्रमवाल्यानं माझा जुना बेस भिंतीला टेकवून ठेवला. "असू दे, लागलाच तर." कीबोर्डवाल्याचे हातही तयारच होते.

दिवे मंद झाले. ताईनं निळा प्रकाश मागितला होता. त्या अंधुक निळ्यात बेसच्या मानेवरच्या सगळ्या रेषा गायब झाल्या.

 समोर माणसांचा काळोख, शेजारी ताई, आणि मानेवर नुसतं सपाट लाकूड. मी डोळे मिटले. पहिला सूर छेडला...

खाली. कणभर खाली! बोट जुन्या सवयीनं मागे पडलं होतं. पण या वेळी मला ते ऐकू आलं. मी बोट उचललं नाही. तसंच दाबून, सावकाश वर सरकवलं, आणि तो सूर घरंगळत, रेंगाळत आपल्या जागी जाऊन बसला. सभागृहात कुणीतरी "आहा!" म्हणालं. मग दुसरा सूर तसाच, मग तिसरा, आता मुद्दाम! ताईनं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि गायला सुरुवात करायच्या आधी ती चक्क हसली.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. ताईनं माइक घेतला, माझ्याकडे हात केला आणि म्हणाली, "आमची बेसवाली!" जुना बेस भिंतीपाशी तसाच राहिला. ड्रमवाला तो गुपचूप पिशवीत भरत होता.

मी बेस गळ्यात तसाच ठेवून पडद्याच्या कडेला धावले.

"पहिला सूर खाली होता," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला होता.

"माहीत आहे."

"आजवर ऐकलेला सगळ्यात सुंदर सूर होता तो." तो जाकिटाशी चाळा करत राहिला. "ऐका ना... मला तुमच्याशी... म्हणजे ती बटणं..."

"तुटलेल्या बटणाचा दोरा कुरतडल्यासारखा होतो," मी म्हणाले. "तुमचा दर वेळी ब्लेडनं कापलेला असायचा."

तो कानापर्यंत लाल झाला. "पहिल्या दिवशीच कळलं?"

"पहिल्याच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही यायचे थांबला असतात तर?"

त्याचा जाकिटाशी चाललेला चाळा थांबला. मग हळूच म्हणाला, "मला तुम्ही फार आवडता. बेसूर होतात तेव्हापासून."

"मलाही," मी म्हणाले. "छळत होतात तेव्हापासून."

त्याच्या जाकिटावर आता एकच मूळचं बटण उरलं होतं, अगदी वरचं. दोरे कापायची माझी छोटी कात्री खिशातच असते. मी पुढे झाले, ते बटण हलकेच धरलं आणि कचकन कापलं.

त्याच्या तळव्यावर बटण ठेवून मी म्हणाले, "उद्या दुकान जरा लवकर उघडते."